आशुतोषांचें नांव कशाला घेतां?

एखाद्या विद्यापीठावर नवा कुलगुरु नेमला गेला कीं आपल्याकडे दोन विधि यथासांग पार पडतात. पहिला विधि चरित्रवाचनाचा. गृहस्थांनीं किती पदव्या संपादन केल्या, किती देश पाहिले, किती समित्यांवर काम केलें, याची जंत्री वर्तमानपत्रांतून छापून येते. दुसरा विधि संकल्पाचा. हारतुरे स्वीकारून झाल्यावर नवे कुलगुरु सांगतात कीं, आपण विद्यापीठाला जागतिक दर्जा मिळवून देणार, उद्योगधंद्यांशीं त्याचा सांधा जुळविणार, निकाल वेळेवर लावणार आणि क्रमवारींत वरचें स्थान पटकाविणार. धर्मकृत्यांतला संकल्प निदान तिथि, वार आणि गोत्र यांचा उच्चार करून सोडला जातो. या संकल्पांत तेवढाहि नेमकेपणा नसतो. एका विद्यापीठाच्या नवागतानें गतवर्षीं सोडलेला संकल्प यंदा दुसऱ्या विद्यापीठाच्या नवागताच्या तोंडीं घातला, तर उभयतांपैकीं कोणालाहि तो परका वाटूं नये. ज्यांच्या घरीं जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे असतील त्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

परंतु या विधींची थट्टा करण्यासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. निमित्त घडलें तें एका व्याख्यानाचें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२५ च्या जानेवारींत नव्या नियमांचा एक मसुदा प्रसिद्ध केला. कुलगुरुपदासाठीं प्राध्यापकांच्या जोडीला उद्योग, शासनव्यवहार, सार्वजनिक धोरण अशा क्षेत्रांत वरिष्ठ जागीं दहा वर्षें काढलेल्या व्यक्तींचाहि विचार व्हावा, अशी त्यांत एक सूचना होती. तिच्यावर पुष्कळ वाद झाला. आमच्या गांवच्या एका व्याख्यानमालेंत एका विद्वान वक्त्यानें या सूचनेची तरफदारी करतांना सभेला प्रश्न केला: "सर आशुतोष मुकर्जी हिंदुस्थानांतले सर्वश्रेष्ठ कुलगुरु होते, हें तुम्हांला मान्य आहे ना? मग ते कोण होते? प्राध्यापक होते काय? ते हायकोर्टाचे न्यायाधीश होते! न्यायासनावरचा माणूस विद्यापीठ उभें करूं शकतो, तर कारखाना चालविणाऱ्यानें किंवा जिल्हा सांभाळणाऱ्यानें काय पाप केलें आहे?" सभेंत टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या शेजारीं बसलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनीं मात्र उपरणें झटकलें आणि ते उठून गेले. त्यांनीं उठून जावयास नको होतें, असें आम्हांला तेव्हांहि वाटलें आणि आतांहि वाटतें. अशा वेळीं बोलावें लागतें. तें बोलणें त्या दिवशीं आमच्याहि हातून घडलें नाहीं, म्हणून हा लेख.

मसुद्याला न्याय द्यावयाचा तर एवढें सांगितलें पाहिजे कीं, बाहेरच्या उमेदवारानेंहि विद्येच्या क्षेत्रांत कांहीं भर घातलेली असावी, अशी अट त्यांत घातलेली होती. आमचा झगडा मसुद्याच्या शब्दांशीं नाहीं, आशुतोषांच्या नांवावर काढलेल्या हुंडीशीं आहे. ती हुंडी खोटी आहे, आणि ती बिनबोभाट वटत राहिली तर तिचा तोटा ज्यांचीं मुलें विद्यापीठांत शिकतात त्यांना, म्हणजे तुम्हांआम्हांला, सोसावा लागणार आहे.

प्रथम न्यायाधीशपणाचाच मुद्दा घेऊं. त्या काळीं हायकोर्टाच्या न्यायाधीशाला कुलगुरु करणें ही सरसहा चालत आलेली रीत होती. कलकत्त्याचे पहिले हिंदी कुलगुरु गुरुदास बानर्जी हे न्यायाधीश. मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरु काशिनाथ त्रिंबक तेलंग १८९२ सालीं त्या जागेवर आले, तेहि न्यायाधीश; पुढें १९०९ मध्यें आलेले नारायण गणेश चंदावरकर हेहि न्यायाधीशच. मध्यंतरीं रामकृष्णपंत भांडारकरांसारखा अध्यापक त्या जागीं येऊन गेला हीच थोडी वेगळी गोष्ट. याचें कारण उघड आहे. विद्यापीठ त्या वेळीं शिकवीत नव्हतें. शिकविण्याचें काम कॉलेजांचें. विद्यापीठानें परीक्षा घ्याव्या आणि पदव्या वाटाव्या. कुलगुरूची जागा बिनपगारी मानाची होती. सायंकाळीं न्यायालयांतून उठून सिनेटच्या सभेला अध्यक्ष म्हणून जाण्याइतका वेळ न्यायमूर्तींना सहज काढतां येई, आणि पदवीदानसमारंभाला त्यांच्या झग्यानें शोभा येई. तेव्हां आशुतोष न्यायाधीश होते म्हणून कुलगुरु झाले हें आम्ही वादापुरतें मान्यहि करूं. पण न्यायाधीश होते म्हणून ते आशुतोष झाले, हें कोठून निघतें? त्याच रीतीनें नेमलेले इतर न्यायमूर्ति त्याच खुर्चीवर बसून गेले. त्यांपैकीं तेलंगांसारख्याला वजा केलें तर बाकीच्यांचीं नांवें आज किती जणांना आठवतात?

मग आशुतोष होते कोण? १८६४ सालीं कलकत्त्यास एका डॉक्टराच्या घरीं त्यांचा जन्म झाला. कॉलेजांत शिकत असतांनाच विलायतेंतील गणिताच्या नियतकालिकांत त्यांचा लेख छापून आला. १८८५ मध्यें गणितांत आणि पुढच्या वर्षीं पदार्थविज्ञानांत अशी दोनदां एम्. ए. ची पदवी त्यांनीं घेतली आणि १८८६ मध्यें प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ति मिळविली. (ही शिष्यवृत्ति ज्या दोन लाखांच्या देणगींतून निघाली ती मुंबईच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याची, मुंबई विद्यापीठाचा मनोरा ज्याच्या मातोश्रींच्या, राजाबाईंच्या नांवानें उभा आहे तोच हा दाता. आपल्या शहरापासून हजार मैलांवरचें विद्यापीठ त्या काळच्या शेटजींना परकें वाटत नसे, हें जातां जातां नमूद करण्यासारखें आहे.) पुढें शांकव वक्रांच्या समीकरणांवर त्यांनीं जें काम केलें त्याची दखल परदेशांतल्या गणितज्ञांनीं घेतली. महेंद्रलाल सरकारांनीं स्थापन केलेल्या विज्ञानसभेंत ते गणितावर व्याख्यानें देत. त्यांना हवी होती अध्यापकाची आणि संशोधकाची जागा. शिक्षणखात्यानें नोकरी देऊंहि केली. परंतु गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीनें आपल्याला वागवावें ही त्यांची अट खात्याला मानवेना. तेव्हां ते वकिलीकडे वळले. म्हणजे आमच्या वक्तेमहाशयांनीं ज्याला बाहेरून आलेला माणूस म्हणून सभेपुढें उभा केला, तो वस्तुतः विद्येच्या घरांतूनच, परक्या सरकारच्या अन्यायानें, बाहेर काढला गेलेला माणूस होता. घरचा मुलगा दारांतून हुसकला गेला आणि वीस वर्षांनीं मालकीहक्कानें परत आला, तर त्याला पाहुणा म्हणतात काय?

परंतु खरी गोष्ट याच्याहि पुढची आहे. वीस वर्षें तरी तो बाहेर होता काय? १८८८ त त्यांनीं वकिलीची सनद घेतली आणि लगेच १८८९ त, पंचविशीच्या उंबरठ्यावर, ते विद्यापीठाच्या सिनेटचे फेलो झाले. तेथपासून १९०६ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षें, सिनेट आणि सिंडिकेट यांच्या कामांत त्यांनीं स्वतःला गाडून घेतलें. परीक्षकांच्या याद्या, अभ्यासक्रमांचे खर्डे, नियमांचीं पोटकलमें, हिशेबांच्या वह्या हें सगळें त्यांनीं हातांनीं चाळलेलें होतें. १८९८ त ते टागोर कायदा-अध्यापक होते. १९०४ त न्यायाधीश होण्यापूर्वीं विद्यापीठाच्या यंत्रांतला एकहि स्क्रू त्यांना अनोळखी उरला नव्हता. सतरा वर्षांच्या या उमेदवारीबद्दल त्या दिवशीं व्याख्यानांत एक अक्षरहि निघालें नाहीं. झगा दिसला, पण झग्याखालचा माणूस दिसला नाहीं.

आतां त्यांच्या ध्येयधोरणाकडे वळूं. १९०४ सालीं लॉर्ड कर्झनानें विद्यापीठांचा कायदा केला. सिनेटच्या सभासदांची संख्या शंभरांच्या आंत आणावयाची, त्यांतले पुष्कळसे सरकारनें नेमावयाचे, नियम करण्याच्या व बदलण्याच्या बाबतींत शेवटचा शब्द सरकारचा, असा तो कायदा होता. आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत त्याला कडाडून विरोध केला, आणि तो विरोध योग्यच होता. विद्यापीठें सरकारच्या दावणीला बांधण्याचाच तो बेत होता. पण त्याच कायद्यांत एक कलम असें होतें कीं, विद्यापीठानें स्वतः प्राध्यापक नेमावे, ग्रंथालयें व प्रयोगशाळा ठेवाव्या, शिकवावें. कायदा करणारांनीं तें कलम शोभेसाठीं घातलें असावें. आशुतोषांनीं तेवढेंच उचललें. ज्या दोराने बांधावयाचें त्याच दोरानें त्यांनीं विहिरींतलें पाणी काढलें. १९०६ पासून १९१४ पर्यंत दोन दोन वर्षांच्या चार मुदतींत त्यांनीं परीक्षा घेणाऱ्या कचेरीचें शिकविणाऱ्या विद्यापीठांत रूपांतर करण्यास आरंभ केला. अर्थशास्त्राचें मिंटो-अध्यापकपद, गणिताचें हार्डिंज-अध्यापकपद, प्राचीन इतिहासाचें कारमायकेल-अध्यापकपद अशीं पदें एकामागून एक निर्माण झालीं. नांवें लाटसाहेबांचीं, आणि त्या नांवांखालीं काम हिंदी विद्वानांचें! या युक्तीचें आम्हांला नेहमींच हसूं येतें आणि कौतुकहि वाटतें.

त्याच सुमारास मुंबईंत काय चाललें होतें, हें महाराष्ट्रीय वाचकांनीं स्वतःला विचारावें. विद्यापीठानें स्वतः चालविलेला समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिसच्या हाताखालीं सुरू होण्यास १९१९ साल उजाडलें. मराठीला विद्यापीठांत जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ति रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावें लागलें. कलकत्त्यास १९१९ मध्यें देशी भाषांचा एम्. ए. चा अभ्यासक्रम सुरू झाला. आणि रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव देवदत्तपंत यांनीं १९१७ पासून १९३६ पर्यंत आपल्या विद्वत्तेचीं ऐन वर्षें काढलीं तीं मुंबईस किंवा पुण्यास नव्हे, तर कलकत्त्यास कारमायकेल-अध्यापकाच्या जागीं. माणूस आमचा, पण जागा त्यांची.

माणसें निवडणें हेंच आशुतोषांचें सगळें धोरण होतें, असें म्हटलें तरी चालेल. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोघा कायदेपंडितांनीं १९१२-१३ च्या सुमारास लाखों रुपये विद्यापीठाच्या ओंजळींत घातले. पैसा वकिलांचा आणि त्यांतून उभें राहिलें विज्ञान कॉलेज! पालितांच्या अध्यापकपदांवर हिंदी माणसेंच नेमावीं अशी दात्याची अट होती. ज्या देशांत हिंदी माणसाला वरच्या शास्त्राध्यापकाची जागा मिळणें दुर्मिळ, तेथें ही अट म्हणजे एक राजकीय जाहीरनामाच होता. पदार्थविज्ञानाच्या जागेसाठीं आशुतोषांनीं कोणाला हेरलें? सरकारी हिशेबखात्यांतल्या एका तरुण मद्रासी अधिकाऱ्याला. कचेरीच्या आधीं आणि नंतर बहूबाजारांतल्या विज्ञानसभेच्या प्रयोगशाळेंत तो काम करीत असे. परदेशीं जाऊन शिकून येण्याची अट त्यानें मानली नाहीं. आशुतोषांनीं ती अट बाजूला ठेवविली, आणि १९१७ मध्यें चंद्रशेखर वेंकट रामन मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सोडून त्याहून पुष्कळ कमी पगारावर पालित-अध्यापक झाले. तेरा वर्षांनीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे १९१६ त व्याख्याते नेमले गेले तेव्हां दोघेहि बावीस-तेवीस वर्षांचे होते. १९२० मध्यें आइन्स्टाइनच्या सापेक्षतावरील निबंधांचें त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठानेंच छापलें. प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्रासाठीं आले. म्हैसुराहून राधाकृष्णन यांना १९२१ त तत्त्वज्ञानाच्या जागेवर आणलें गेलें. बंगाली अस्मितेचा एवढा अभिमानी माणूस, पण नेमणुका करतांना प्रांत पाहत नसे. आज एका जिल्ह्याचा प्राध्यापक दुसऱ्या जिल्ह्यांत उपरा ठरतो!

हीं नांवें गाळून जर कोणी आशुतोषांची व्यवस्थापनकुशलता वाखाणूं लागला, तर तो शिंपल्याची स्तुति करून मोतीं फेंकून देतो, असें आम्ही म्हणूं. हिशेबखात्याच्या कारकुनी ढिगाऱ्यांत रामन ओळखण्यासाठीं पदार्थविज्ञानाची चव जिभेवर असावी लागते. ती आशुतोषांच्या जिभेवर होती, कारण त्याच विषयांत त्यांनीं स्वतः रात्री जागविल्या होत्या. ज्यानें आयुष्यभर सिमेंट विकलें किंवा महसूल गोळा केला त्याच्या अंगीं इतर गुण शंभर असतील. पण बावीस वर्षांच्या पोरांपुढें बसून, यांतला बोस कोणता आणि निव्वळ घोकंपट्टीवाला कोणता, हें तो कशावरून ताडणार? तो निवडसमिति नेमील. समिति गुणांचा तक्ता करील. आणि तक्त्यांत रामन यांच्या नांवापुढें 'परदेशी पदवी नाहीं' असा शेरा पडेल.

येथें आम्हांला प्रतिपक्षाच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे. आशुतोषांचे आम्ही भक्त नाहीं. एककल्लीपणाचा आरोप त्यांच्यावर त्यांच्या हयातींतच झाला, आणि तो केवळ मत्सरानें झाला नाहीं. सिनेटमध्यें त्यांच्या शब्दापुढें कोणाची मात्रा चालत नसे. मॅट्रिकचे निकाल इतके सढळ लागूं लागले कीं परीक्षेची किंमत उतरली, असें जदुनाथ सरकारांसारख्या कठोर इतिहासकारानें 'मॉडर्न रिव्ह्यू'च्या पानांतून उघड लिहिलें. आणि पुढें त्याच जदुनाथांवर त्या विद्यापीठाचें कुलगुरुपद सांभाळण्याची पाळी आली, हा इतिहासाचा एक चिमटाच होय. परीक्षांच्या फीवर उच्च शिक्षणाचा डोलारा उभा करावयाचा, तर परीक्षार्थी वाढले पाहिजेत. परीक्षार्थी वाढावयाचे, तर उत्तीर्ण होण्याची आशा वाढली पाहिजे. या चक्रांत आशुतोष सांपडले होते. खर्च उत्पन्नाच्या पुढें गेला, हेंहि खरें. एका माणसाच्या खांद्यावर उभारलेली इमारत तो माणूस गेल्यावर कलते, हा धडाहि त्यांच्याच चरित्रांत आहे. हे दोष आम्ही झांकीत नाहीं. उलट, जे लोक 'बंगालचा वाघ' म्हणून त्यांच्या मिशांचा फोटो भिंतीवर लावतात त्यांनीं हे दोष एकदां तरी वाचावे, असें आमचें सांगणें आहे.

पण आशुतोषांचें नांव ज्या एका प्रसंगामुळें घेण्याचा हक्क कमवावा लागतो तो प्रसंग पुढेंच आहे. सरकारशीं त्यांचे खटके जुने होते. १९१३ त विद्यापीठानें नेमलेल्या तिघा व्याख्यात्यांना — अब्दुल रसूल, अब्दुल्ला सुऱ्हावर्दी आणि काशीप्रसाद जायस्वाल यांना — हिंदुस्थान सरकारनें राजकारणाच्या संशयावरून मंजुरी नाकारली होती. १९२१ च्या एप्रिलांत आशुतोष पुन्हां कुलगुरु झाले तेव्हां विद्यापीठाची तिजोरी रिकामी होती. शिक्षकांचे पगार थकण्याची वेळ आली होती. १९२२ त बंगाल सरकारनें अडीच लाख रुपये देऊं केले, पण सोबत अटींची एक माळ पाठविली. सिनेटपुढें बोलतांना आशुतोषांनीं सांगितलें कीं, या अटींवर पैसा घेण्यापेक्षां आपण बंगालच्या दारोदार झोळी घेऊन फिरूं, शिक्षक उपाशी राहतील, पण विद्यापीठ गुलाम होणार नाहीं. सिनेटनें पैसा नाकारला. पुढें १९२३ च्या मार्चमध्यें त्यांची मुदत संपत आली असतां गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनीं, जे विद्यापीठाचे कुलपतिहि होते, त्यांना पत्र लिहिलें: विरोध सोडून सरकारशीं मनापासून सहकार्य करण्याचें वचन द्याल तर पुन्हां नेमूं. आशुतोषांनीं दोन दिवसांत उत्तर पाठवून ती देणगी अपमानास्पद म्हणून परत केली, आणि तो पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होऊन सगळ्या देशानें वाचला. पुढच्या वर्षीं मे महिन्यांत एका खटल्यासाठीं पाटण्यास गेले असतां तेथेंच त्यांचा अंत झाला.

आमचा प्रतिपक्षी येथें एक चांगला डाव टाकूं शकेल. तो म्हणेल: "पाहा, न्यायासनाचा पगार होता म्हणून तर हा माणूस गव्हर्नराला असें उत्तर देऊं शकला! ज्याची चूल विद्यापीठाच्या पगारावर पेटते त्या प्राध्यापक-कुलगुरूला हें धैर्य कोठून येणार? म्हणून बाहेरचाच माणूस हवा." या मुद्द्यांत वजन आहे, तो आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं. पोटाची निर्धास्ती ही स्वाभिमानाची मोठी पाठराखीण आहे, आणि कालचा विभागप्रमुख आज कुलगुरु झाल्यावर मंत्रालयाच्या पायऱ्या कशा चढतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु न्यायाधीशाची निर्धास्ती निराळ्या जातीची. त्याला कोणाकडून परवाना घ्यावयाचा नसतो, ठेका मिळवावयाचा नसतो, बदली चुकवावयाची नसते. कारखानदाराला भाकरीची भ्रांत नाहीं हें कबूल. पण त्याच्या जमिनी, कर्जें आणि परवाने सरकारच्या दारांतून येतात. सनदी अधिकाऱ्याचें तर बोलावयासच नको. वरून आलेला कागद पाळणें हा त्याचा तीस वर्षांचा अभ्यास. तो साठाव्या वर्षीं विद्यापीठांत आल्याबरोबर कागद परत पाठवावयास शिकेल, अशी आशा कोणत्या अनुभवावर बाळगावयाची? अपवाद असतील, आणि असा अपवाद सांपडला तर आम्ही पहिले टाळी वाजवूं. पण अपवादासाठीं दार उघडतांना आंत कोण कोण शिरेल याचा अंदाज शहाण्यानें आधींच घ्यावा.

शिवाय स्वतंत्र वृत्ति हवी असेल तर तिचा उपाय माणूस बाहेरून आणणें हा नव्हे. कुलगुरूची चूल सरकारच्या मर्जीवर पेटणार नाहीं अशी व्यवस्था करणें, हा तिचा उपाय. त्याबद्दल आमच्या वक्तेमहाशयांनीं अवाक्षरहि काढलें नाहीं. मसुद्यांतल्या बाहेरच्या माणसाला टाळ्या मिळतात. अनुदान वेळेवर आणि बिनशर्त मिळावें, रिकाम्या जागा भराव्या, या मागणीला टाळ्या मिळत नाहींत, कारण तिला पैसा लागतो. १९२२ तल्या अडीच लाखांच्या अटींची माळ ज्यानें नाकारली त्याचें नांव घ्यावयाचें, आणि आज त्याच प्रकारच्या माळा मुकाट्यानें गळ्यांत घालणारा कुशल व्यवस्थापक शोधावयाचा, याला आम्ही आशुतोषांचा गौरव म्हणत नाहीं.

आतां आमच्या घरची गोष्ट. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यानें कुलगुरूची मुदत पांच वर्षांची ठेवली आहे, आणि शोधसमितीनें कुलपतींकडे निदान पांच नांवें धाडावयाची आहेत. आशुतोषांना सतरा वर्षांची उमेदवारी आणि पुढें दोन खेपांना मिळून दहा वर्षें मिळालीं. आमच्या कुलगुरूला पांच वर्षांतलें पहिलें वर्ष इमारतीचे जिने ओळखण्यांत आणि शेवटचें निरोपसमारंभांत जातें. अशा वेळीं नवागताच्या संकल्पाला आम्ही काडीचीहि किंमत देत नाहीं. आम्हांला त्याचें मागचें चरित्र हवें आहे. पण तें पदव्यांच्या जंत्रीचें नव्हे. गेल्या पंधरा वर्षांत विद्यापीठाच्या कोणत्या मंडळावर बसून त्यानें काय केलें? कोणता अभ्यासक्रम त्याच्या हातून घडला? आपल्यापेक्षां हुशार अशा किती तरुणांना त्यानें जागा मिळवून दिली, आणि त्यांचीं नांवें कोणतीं? वरून आलेला एखादा कागद त्यानें कधीं परत पाठविला आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें उमेदवार प्राध्यापक असो, न्यायाधीश असो कीं कारखानदार, त्याच्याकडून लेखी घ्यावीं आणि नांवें कुलपतींकडे जातील त्याच दिवशीं तीं वर्तमानपत्रांत छापावीं. कायद्यांत यासाठीं काना-मात्रेचाहि फरक करावयास नको. शोधसमितीनें मनावर घेतलें म्हणजे पुरे. पुढच्या नेमणुकीच्या वेळीं हें होतें कीं नाहीं, तें आम्ही पाहणार आहों, आणि झालें नाहीं तर याच पानांतून समितीला त्याचें कारण विचारणार आहों. त्या वेळीं सभेंतून उठून गेलेल्या त्या प्राध्यापकांनींहि आमच्या शेजारीं बसावें, अशी त्यांना विनंति आहे.